'७५ डेसिबल' एवढे लिहून आवाजाची मर्यादा ठरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उत्सवांचे दिवस जवळ आले की आपल्या वृत्तपत्रासह सगळीकडे एक आकडा छापून येऊ लागतो, तो म्हणजे ७५ डेसिबल. पोलीस ठाण्यातील बैठकीत मंडळांच्या कार्यकर्त्यांना तो सांगितला जातो, परवान्यावर तो लिहिलेला असतो, तक्रार करणाऱ्या रहिवाशांना तो पाठ असतो आणि साउंडवालाही 'मी पंचाहत्तरच्या आतच आहे' असे छातीठोकपणे सांगतो. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील सभा, वाद्यवृंद, गाण्यांच्या मैफली आणि मैदानी कार्यक्रम यांची ध्वनिव्यवस्था पाहणे हा माझा व्यवसाय आहे. हा आकडा कोणत्या जागेवरचा, किती वेळाच्या मोजणीचा आणि कोणत्या मोजपट्टीवरचा, हे परवाना देणारा, घेणारा, तपासणारा आणि तक्रार करणारा यांपैकी कोणीही विचारत नाही, ही गोष्ट मला गेली अनेक वर्षे अस्वस्थ करीत आली आहे. या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय डेसिबलच्या आकड्याला अर्थ नसतो. त्या न सांगितल्यामुळे दरवर्षी तेच वाद होतात, आणि त्यात ज्याला खरोखर त्रास होतो त्याच्या पदरात काही पडत नाही.

प्रथम नियम काय म्हणतो ते पाहू. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू केले. त्यात परिसराचे चार प्रकार केले असून प्रत्येकासाठी दिवसाची, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० या वेळेची, आणि रात्रीची अशा दोन मर्यादा दिल्या आहेत. औद्योगिक परिसरासाठी त्या ७५ आणि ७०, व्यापारी परिसरासाठी ६५ आणि ५५, निवासी परिसरासाठी ५५ आणि ४५, तर शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० डेसिबल अशा आहेत. २०१० च्या दुरुस्तीने त्यात असे जोडले गेले की, सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक किंवा आवाजाचे अन्य कोणतेही साधन वापरले जात असेल, तर त्या जागेच्या हद्दीवरील आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त, किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. खासगी जागेसाठी ही सवलत केवळ ५ डेसिबलची आहे. आपल्याकडे सर्वतोमुखी झालेला ७५ हा आकडा या वाक्यातून आला आहे, पण येताना त्याने 'जे कमी असेल ते' हे शब्द मागे सोडले आहेत.

ते शब्द पुन्हा जोडले की चित्र पार बदलते. निवासी परिसरातील मैदानावर दिवसा लागू होणारी मर्यादा ५५ अधिक १०, म्हणजे ६५ डेसिबल आहे, ७५ नव्हे. शांतता क्षेत्रात ती ६० होते. ७५ ची मुभा फक्त औद्योगिक परिसरात, किंवा दिवसाच्या वेळी व्यापारी परिसरात मिळते. गृहसंकुलाच्या स्वतःच्या आवारात किंवा खासगी लॉनवर होणाऱ्या लग्नाला, परिसर निवासी असेल तर, दिवसा ६० च्या पुढे जाता येत नाही. डेसिबलचे कोष्टक साध्या बेरजेचे नसल्यामुळे ६५ आणि ७५ यांतील दहाचा फरक किरकोळ वाटतो, पण दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दसपट होणे, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटणे. निवासी मैदानाच्या परवान्यावर जेव्हा सरसकट ७५ लिहिले जाते, तेव्हा शेजारच्या इमारतीतील माणसाला कायद्याने दिलेले संरक्षण लेखणीच्या एका फटक्यात दहाव्या हिश्शावर येते.

रात्रीच्या सवलतीबद्दलचा गैरसमज याहून मोठा आहे. वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांच्या निमित्ताने, रात्री १० ते १२ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकते, आणि त्या दिवसांची यादी दरवर्षी जाहीर होते. ही सवलत वेळेची आहे, पातळीची नाही. रात्री दहाचा ठोका पडला की परिसराची रात्रीची मर्यादा लागू होते आणि निवासी भागात हद्दीवरचा आवाज ४५ अधिक १०, म्हणजे ५५ डेसिबलच्या आत राहावा लागतो. '१२ वाजेपर्यंत परवानगी आहे' हे वाक्य मात्र व्यवहारात '१२ वाजेपर्यंत हवा तेवढा आवाज' असे ऐकले जाते. दिवाळी पहाटेच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेवावे लागते, कारण नियमाच्या लेखी सकाळी ६ च्या आधीची वेळ ही रात्रच आहे.

मग आपले मैदान कोणत्या परिसरात मोडते, हा पुढचा प्रश्न, आणि ठाण्यात तो सोपा नाही. नौपाड्यात किंवा गोखले रस्त्याच्या आसपास तळमजल्यावर दुकाने आणि वर बिऱ्हाडे असतात; त्याला व्यापारी म्हणावे की निवासी? नवी मुंबई आखून वसवलेली असली तरी तेथेही एका सेक्टरात कार्यालये आणि रस्ता ओलांडला की घरे, अशी रचना जागोजागी आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका बाजूला औद्योगिक पट्टा आणि रेल्वेमार्गापलीकडे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे यांची वस्ती आहे. संमिश्र परिसर चारपैकी कोणत्या एका प्रकारात धरायचा हे सक्षम प्राधिकरणाने ठरवायचे आहे, असे नियमातच म्हटले आहे. म्हणजे मार्ग आहे. आपल्याकडील प्रत्येक मैदान, चौक आणि तलावाचा काठ यांच्यासमोर त्याचा प्रकार आणि दिवस-रात्रीची लागू मर्यादा लिहिलेली यादी महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात लावली, तर अर्धा वाद तिथेच मिटेल. शांतता क्षेत्राबाबत तर हे अधिकच गरजेचे आहे, कारण ऑगस्ट २०१७ मधील दुरुस्तीनंतर सरकारने अधिसूचित केल्याखेरीज रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय यांच्या भोवतीचा भाग आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही, ही गोष्ट रुग्णालयाच्या शेजारी राहणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते.

आता जागेविषयी. नियम हद्दीवरच्या आवाजाबद्दल बोलतो. प्रत्यक्षात काय होते ते मी ठाण्यातील एका मैदानावर अगदी जवळून पाहिले आहे. परवान्यावर 'ध्वनिमर्यादा ७५ डेसिबल' एवढेच टंकलिखित होते. साडेआठच्या सुमारास गस्तीवरचे दोन पोलीस आले. त्यांच्यापैकी एकाच्या हातात स्पंजचे बोंडूक लावलेला ध्वनिमापक होता. ते थेट रंगमंचाच्या डाव्या अंगाला, बेसच्या खोक्यांपासून दहा-बारा फुटांवर उभे राहिले. ढोलकीच्या प्रत्येक थापेबरोबर पडद्यावरचा आकडा ८८ वरून ९९ वर आणि पुन्हा खाली उड्या मारत होता. आयोजक म्हणत होते की कुंपणाच्या भिंतीपाशी मोजा. पोलीस म्हणत होते की आवाज जिथून निघतो तिथे मोजणार. मागच्या बाजूच्या इमारतीतून खाली आलेले एक गृहस्थ म्हणत होते की माझ्या खिडकीत येऊन मोजा. तिघांचेही म्हणणे प्रामाणिक होते, आणि ज्या कागदाने उत्तर द्यायचे त्यावर जागेचा उल्लेखच नव्हता. शेवटी आवाज थोडा कमी करण्यात आला, दहा मिनिटांनी तो पुन्हा चढला, आणि कोणतीही नोंद न होता ती संध्याकाळ संपली.

अंतराचे गणित कळले तर हा वाद किती निरर्थक आहे हे लक्षात येते. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघणारा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोक्यापासून पाच मीटरवर ९९ असलेला आवाज दहा मीटरवर ९३, वीसवर ८७, चाळीसवर ८१ आणि ऐंशी मीटरवर ७५ होतो. मोठ्या कार्यक्रमांत वापरली जाणारी, उभ्या ओळीत टांगलेली स्पीकरांची माळ, म्हणजे लाइन अ‍ॅरे, काही अंतरापर्यंत याहून सावकाश, अंतर दुप्पट होताना साधारण ३ डेसिबलने उतरते, म्हणून तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो, आणि नीट झुकवली नाही तर समोरच्या इमारतीच्या सातव्या मजल्यापर्यंतही. खाडीकाठच्या मैदानांवर आणखी एक गोष्ट घडते. रात्री जमिनीलगतची किंवा पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार झाली, की आवाज वर निघून न जाता खाली वाकतो आणि एरवी जिथे ऐकू येत नाही अशा लांबच्या घरांत स्पष्ट ऐकू येतो. मिरवणुकीला तर हद्दच नसते. अशा वेळी, तसेच रस्त्यावरच्या मंडपाच्या बाबतीत, सर्वांत जवळच्या निवासी इमारतीसमोर, भिंतीवरून उलटणाऱ्या आवाजाची भर पडू नये एवढे अंतर सोडून मोजावे, असे प्रशासनाने लिहून द्यायला हवे.

जागेइतकाच वेळेचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. नियमांतील मर्यादा क्षणाच्या आकड्यासाठी नाहीत. त्या 'लेक', म्हणजे ठरावीक कालावधीतील ध्वनिऊर्जेच्या सरासरीसाठी आहेत, असे नियमांच्या अनुसूचीतच स्पष्ट केले आहे. ही सरासरी शाळेत शिकलेल्या सरासरीसारखी काढता येत नाही. समजा, दोन तासांच्या कार्यक्रमात हद्दीवर वीस मिनिटे ८० डेसिबलचे ढोलवादन झाले आणि उरलेली शंभर मिनिटे ६० डेसिबलचे निवेदन व भावगीते झाली. साधी सरासरी ६३ येते. ऊर्जेची सरासरी मात्र ७२ च्या पुढे जाते, कारण थोड्या वेळाचा मोठा आवाज तिच्यावर स्वार होतो. आता हीच सरासरी दोन तासांऐवजी सकाळी ६ ते रात्री १० या सोळा तासांवर पसरली आणि बाकीचा सगळा वेळ ५० डेसिबलची शांतता होती असे धरले, तर तीच संध्याकाळ ६४ डेसिबलवर येते. निवासी भागातील ६५ ची मर्यादा पाळली गेली, असा दाखला तिला मिळू शकतो. आणि ध्वनिमापकावर कमाल आकडा धरून ठेवणारे बटण दाबले असेल, तर तोच कार्यक्रम ८५-९० दाखवील. कार्यक्रम एकच, मापक एकच, माणूस प्रामाणिक, आणि तीन वेगवेगळे निकाल. हद्दीवरच्या मर्यादेसाठी सरासरी किती मिनिटांची धरायची हे नियमाच्या त्या कलमात दिलेले नाही, म्हणून ते परवान्यात दिले पाहिजे.

माझे मत पंधरा मिनिटांच्या बाजूचे आहे. एखादा टाळ्यांचा कडकडाट किंवा रस्त्यावरून गेलेला हॉर्न त्यात कार्यक्रमाला बुडवू शकत नाही, आणि वीस मिनिटांचे ढोलवादन दिवसभराच्या शांततेआड लपूही शकत नाही. जगात अन्यत्रही हाच कालावधी रूढ होत चालला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जे मानक प्रसिद्ध केले, त्यात श्रोत्यांच्या जागेवरील आवाजाची पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या पुढे जाऊ नये, असे म्हटले आहे. फ्रान्सने २०१७ च्या अध्यादेशात पंधरा मिनिटांसाठी १०२ डेसिबल ठरवले. जर्मनीतील मानक ९९ डेसिबलचे असून ते तीस मिनिटांच्या सरासरीवर आहे. या प्रत्येक आकड्यासोबत वेळ जोडलेली आहे आणि जागाही सांगितलेली आहे. हे आकडे श्रोत्यांच्या कानांसाठीचे आहेत, शेजाऱ्यांच्या झोपेसाठीचे नव्हेत. आपल्याकडचे ध्वनिप्रदूषण नियम सभोवतालच्या परिसरापुरते बोलतात आणि मैदानात उभ्या असलेल्या श्रोत्याच्या कानांबद्दल काही सांगत नाहीत, ही मोठी उणीव आहे. स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून नाचणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना पाहून मला खरोखर भीती वाटते. कामाच्या ठिकाणासाठी अमेरिकेत शिफारस केलेल्या एका प्रमाण पद्धतीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जाऊन १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. त्या भिंतीपाशी ही मुले कित्येक तास असतात.

तिसरा मुद्दा मोजपट्टीचा. नियमांतील डेसिबल 'ए' मोजपट्टीवरचे आहेत. माणसाचा कान जाड, खर्जातील आवाजाला कमी संवेदनशील असतो, म्हणून ही मोजपट्टी खालच्या पट्टीतले आवाज मुद्दाम कमी धरते. ते किती कमी? हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाची कंपने; आकडा जितका लहान तितका आवाज खर्जातला. १००० हर्ट्झला काही वजावट नाही, १२५ हर्ट्झला सुमारे १६ डेसिबल, ६३ हर्ट्झला सुमारे २६ आणि ३१.५ हर्ट्झला तब्बल ३९ डेसिबलची वजावट होते. सामान्य बोलण्याच्या किंवा रहदारीच्या आवाजाला ही मोजपट्टी न्याय देते. पण आजच्या डीजेच्या संचात ज्याला आपण 'बेस' म्हणतो, त्याचा जोर नेमका ४० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. तेथे ९० डेसिबलचा ठोका 'ए' मोजपट्टीवर ५५ ते ७० च्या घरात दिसतो आणि तपासणारा समाधानाने परत जातो. खर्जाचा आवाज भिंती आणि काचा यांनी फारसा अडत नाही. मैदानाला लागून असलेल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या घरात मी गेलो होतो. दारे-खिडक्या बंद होत्या, गाण्याचे शब्द जवळजवळ ऐकू येत नव्हते, आणि तरीही शोकेसच्या सरकत्या काचा दर ठोक्याला खणखणत होत्या. पलंगावरच्या आजारी आजींचा हात छातीवर होता. बाहेर कुंपणापाशी मापक नियमाच्या आतला आकडा दाखवत होता. त्या घरातल्या माणसांना 'तुमची तक्रार खोटी आहे' असे सांगण्याचा अधिकार त्या आकड्याला नाही.

यावर उपाय अवघड नाही. जवळजवळ प्रत्येक चांगल्या ध्वनिमापकावर 'ए'च्या शेजारी 'सी' हे बटण असते. 'सी' मोजपट्टी ६३ हर्ट्झला एका डेसिबलहूनही कमी वजावट करते. दोन्ही आकडे एकापाठोपाठ घ्यावेत. 'सी'चा आकडा 'ए'पेक्षा १५-२० डेसिबलने जास्त निघाला, तर बेस भारी आहे हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. फ्रान्सने 'ए' मोजपट्टीवरच्या १०२ बरोबर 'सी' मोजपट्टीवर ११८ ही मर्यादा त्याच कारणाने ठेवली आहे. आपल्या नियमात 'सी' नाही हे मला मान्य आहे, पण परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला अटी घालता येतात, आणि बेसच्या पातळीची अट ही त्यांपैकी एक असायला हवी.

एवढे झाल्यावर आमच्या व्यवसायाकडे वळतो, कारण घोटाळ्याचा मोठा भाग मागणीतच असतो. आयोजक साउंडवाल्याकडे 'इतके हजार वॉट पाहिजेत' अशी मागणी करतात. वॉट हे स्पीकरला दिलेल्या विजेचे माप आहे, त्यातून निघणाऱ्या आवाजाचे नाही. एका बनावटीचा स्पीकर तेवढ्याच विजेत दुसऱ्यापेक्षा ३ डेसिबल जास्त देत असेल, तर त्याला निम्मी वीज पुरते. नामवंत कलाकारांच्या मागणीपत्रात बहुधा 'मिक्सरच्या (आवाज जुळवण्याच्या यंत्राच्या) जागी १०५ डेसिबल, आवाज न फाटता' अशा धर्तीची ओळ असते. हे वाचून आयोजक घाबरतात आणि पोलीस चिडतात, पण या ओळीचा अर्थ कार्यक्रम १०५ वर चालणार असा नसतो. संगीताच्या आवाजात क्षणिक उसळी आणि सरासरी यांत १२ डेसिबल किंवा त्याहून अधिक अंतर असते. तबल्याची थाप किंवा गायकाची अचानक चढलेली तान फाटू नये म्हणून यंत्रणेत तेवढी शिल्लक ठेवावी लागते. १०५ ही यंत्रणेची कुवत झाली. ती चालवायची पातळी वेगळी, आणि ती जागेनुसार ठरते. याच्या उलट, स्पीकरच्या माहितीपत्रकावर 'कमाल १३० डेसिबल' असे असते तेव्हा तो आकडा एका मीटरवरचा आणि बहुधा क्षणिक उसळीचा असतो. तोच स्पीकर बत्तीस मीटरवर ३० डेसिबल गमावतो, आणि उसळीची वजावट केली की सरासरी ८८ च्या आसपास उरते. ज्याला हे वाचता येत नाही तो भीतीपोटी दुप्पट खोकी लावतो, आणि एकदा लावलेली खोकी कोणी बंद ठेवत नाही.

चांगल्या मांडणीने किती फरक पडतो याचा हिशेब मी देतो. मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत ४० मीटर अंतर आहे, हद्द ८० मीटरवर आहे आणि श्रोत्याला ८५ डेसिबल आवाज द्यायचा आहे. रंगमंचावरच्या एकाच संचातून शेवटच्या रांगेला ८५ द्यायचे, तर हद्दीवर ७९ पोहोचतात आणि पहिल्या रांगेचे कान बधिर होतात. त्याऐवजी श्रोत्यांमध्ये ठिकठिकाणी लहान स्पीकर लावले आणि प्रत्येकाने फक्त पाच मीटरवरच्या माणसापुरते ८५ दिले, तर ऐंशी मीटरवर एकेका स्पीकरचे ६१ आणि तशा चार स्पीकरांचे मिळून ६७ डेसिबल होतात. तोंडे खाली आणि आत वळवली की आणखी दोन-चार कमी होतात आणि आपण ६५ च्या उंबरठ्यावर येतो. दूरच्या स्पीकरांना दर मीटरला सुमारे ३ सहस्रांश सेकंदांचा विलंब द्यावा लागतो, नाहीतर शब्द दुहेरी ऐकू येतात. तो विलंब आजच्या साध्या डिजिटल मिक्सरवरही देता येतो. बेसची खोकी पुढे-मागे रचून आणि काहींना उलट दिशेने व ठरावीक विलंबाने वाजवून मागच्या बाजूचा खर्ज दहा डेसिबल किंवा त्याहून अधिक कमी करता येतो. रंगमंचाचे तोंड इमारतींकडून वळवणे याला तर एक पैसाही लागत नाही. व्याख्यान, कीर्तन, भावगीतांची मैफल हे सारे अशा मांडणीत उत्तम होते. डीजेची भिंत मात्र निवासी मैदानावर ६५ मध्ये बसवता येत नाही. ती कोणत्याही गणिताने बसत नाही, आणि बसते असे सांगून परवाना घेणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी ते सांगणे थांबवावे, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

ढोल-ताशा पथकांचे कार्यकर्ते मला नेहमी विचारतात की, आमच्याकडे स्पीकरच नाही, मग आम्हाला नियम कसा लागू? हद्दीवरच्या मर्यादेचे कलम 'आवाजाचे अन्य कोणतेही साधन' असे म्हणते, त्यामुळे तो लागू आहे.

आवाजाच्या प्रश्नावर ठाण्याला काही सांगण्याचा अधिकार आहे, असे मला वाटते. ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल देऊन नियमांच्या अंमलबजावणीची जबाबदारी यंत्रणांवर टाकली. त्याआधी जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ऐकण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, ही भूमिका घेतली होती. न्यायालयांनी आपले काम केले आहे. आता उरले आहे ते कारकुनी वाटावे असे पण निर्णायक काम, म्हणजे परवान्याचा मसुदा.

ठाणे आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयांना, दोन्ही महापालिकांना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला माझी विनंती आहे की, त्यांनी एकत्र बसून एका पानाचा नमुना ठरवावा. त्यावर मैदानाचा परिसर-प्रकार असावा, लागू मर्यादा दिवसाची आणि रात्रीची वेगवेगळी लिहावी, हद्दीवरील मोजणीचे दोन किंवा तीन बिंदू मैदानाच्या साध्या नकाशावर खुणेने दाखवावेत, 'ए' मोजपट्टीवरची पंधरा मिनिटांची सरासरी हा निकष म्हणून नमूद करावा आणि 'सी'चा आकडाही नोंदवावा. कार्यक्रमाआधी यंत्रणा बंद असताना त्याच बिंदूंवर एक मोजणी व्हावी, कारण घोडबंदर रस्त्यालगतच्या मैदानावर केवळ गाड्यांचाच आवाज अनेकदा ६५ च्या वर असतो आणि त्याचे खापर कार्यक्रमावर फुटू नये. तसेच त्या गोंगाटाआड कार्यक्रमाचा आवाज लपूही नये. यंत्रणा चालू असतानाचा आणि बंद असतानाचा आकडा यांत दहाचा फरक असेल, तर तो आवाज कार्यक्रमाचाच. तीनहून कमी फरक असेल, तर त्या बिंदूवरून निष्कर्ष काढू नये. ध्वनिमापक वापरण्यापूर्वी ९४ डेसिबलच्या प्रमाण-नादाने तपासावा आणि त्याची वेळ लिहून ठेवावी. मोबाइलमधल्या अ‍ॅपचा आकडा तक्रारीची दखल घेण्यापुरता ठीक आहे, कारवाईसाठी नाही. मोबाइलचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि मोठ्या आवाजात तो दबतो.

यातली सर्वांत उपयोगी गोष्ट अजून सांगायची आहे. साउंड चेकच्या वेळी एक माणूस मिक्सरपाशी आणि एक हद्दीवरच्या बिंदूवर, असे दोघांनी एकाच पंधरा मिनिटांचे माप घ्यावे. समजा, मिक्सरपाशी ८८ आणि हद्दीवर ७० आले, तर त्या मैदानाचा, त्या मांडणीचा फरक १८ हा झाला. मर्यादा ६५ असेल तर मिक्सरपाशी ८३ च्या पुढे जायचे नाही, हे कार्यक्रम सुरू होण्याच्या आधीच ठरते. तो ८३ चा आकडा परवान्यावर आयोजक, साउंडवाला आणि पोलीस अधिकारी या तिघांच्या सहीने लिहावा आणि मिक्सरसमोर चिकटवावा. साउंडवाला रात्रभर हद्दीवर जाऊन उभा राहू शकत नाही. आपल्या समोरचा आकडा मात्र तो क्षणोक्षणी पाहू शकतो आणि ध्वनिनियंत्रकात त्यानुसार कुलूप घालू शकतो. गाणे रंगात आल्यावर रंगमंचावरून 'वाढव' असा हात होतो, नेत्याचे भाषण सुरू झाले की कार्यकर्ते मागून पाठीवर थाप मारून 'आवाज सोड' म्हणतात, त्या वेळी दाखवायला त्याच्या हाती तिघांच्या सहीचा कागद असेल. आज त्याच्या हाती काहीच नसते.

पुढील गणेशोत्सवाच्या परवान्यांपूर्वी असा नमुना एखाद्या मैदानावर करून पाहायचा झाल्यास, तपासलेला ध्वनिमापक आणि प्रमाण-नादाचे यंत्र घेऊन मी विनामूल्य येईन, आणि ठाण्यातील माझ्या ओळखीच्या साउंडवाल्यांनाही त्या संध्याकाळी तेथे बोलावीन. संबंधित अधिकाऱ्यांनी आपल्या वृत्तपत्रामार्फत तसे कळवावे.

आपला विश्वासू,
एक ध्वनितंत्रज्ञ,
नौपाडा, ठाणे